थोरलीची पोटगी, धाकटीचा पगार

पगार पूर्ण जमा झाला म्हणून घाबरलेली बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. मे महिन्याच्या पगाराची चिठ्ठी शाळेच्या ऑफिसात माझ्या हातात पडली. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली, मग उलटी करून मागची कोरी बाजूही वाचली. कर कापलेला होता. दफन-मंडळाची वर्गणी कापलेली होती. मिशनच्या चर्चच्या छपराची वर्गणीही कापलेली होती. हे छप्पर मी नोकरीला लागले तेव्हापासून गळतंय आणि मी निवृत्त होईपर्यंत गळत राहील असा मिशनचा निर्धार दिसतो. जे कापायला हवं होतं तेवढंच नेमकं कापलेलं नव्हतं.

या महिन्यापासून कापायला हवी होती पोटगी. आणि गैरसमज करून घेऊ नका, मला मिळणारी नव्हे. मी देणारी.

माझा नवरा, म्हणजे आता नवरा नव्हे, सेकाके लेटेला, पूर्वी सीमेपलीकडे सोन्याच्या खाणीत होता. तिथं दरड अंगावर आली, पाठ गेली, आणि खाणीने त्याला एक ब्लँकेट आणि एक प्रशस्तिपत्र देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून मी शाळेत आणि तो घरी. अठ्ठावीस वर्षांचा संसार मोडला तेव्हा न्यायाधीशबाई म्हणाल्या, पगार तुमचा आहे, पाठ त्यांची मोडली आहे, तेव्हा पगाराचा तिसरा हिस्सा त्यांना. मग त्यांनी विचारलं, "दर महिन्याला आपणहून द्याल ना?" मी म्हणाले, "जमेल तसं." न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आपण थेट पगारालाच सांगू," असं म्हणून त्यांनी माझ्या पगारावर टाच आणली. माझ्या 'जमेल तसं'मध्ये नक्की काय वाईट होतं ते मला अजून कळलेलं नाही. आमच्या शाळेचं अख्खं व्यवस्थापन त्या दोन शब्दांवर चाललंय.

कोर्टाच्या फाटकाबाहेर सेकाके माझ्यापाशी आला. "म्मे," तो म्हणाला (आमच्याकडे बाईमाणसाला मानाने म्मे म्हणतात, आणि त्याने मला भांडतानाही दुसरी हाक मारलेली नाही), "गावाकडे यातलं काही सांगू नकोस. माझं हसं होईल."

"मला काय हौस आलीय?" मी म्हणाले. माफेतेंगसारख्या गावात उपमुख्याध्यापिका आपल्या माजी नवऱ्याला पोसते ही बातमी फुटली असती, तर दहावीच्या पोरांनी शेकडेवारीची गणितं माझ्यावर रचली असती. तेव्हा कोणाला काही सांगायचं नाही असं ठरलं. घटस्फोट लोकांना माहीत होता, पण त्याचं शेपूट दोघांनी मिळून झाकलं. अठ्ठावीस वर्षांत आमचं एकमत झालेली ही दुसरी गोष्ट. पहिली घटस्फोट.

आणि आता पगार पूर्ण! पहिल्या दिवशी मी कोणतीही प्रामाणिक बाई करेल तेच केलं, म्हणजे गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मात्र स्वप्नात न्यायाधीशबाई आल्या आणि पेन खाली ठेवू लागल्या. कोर्टाचा अवमान, तुरुंग, तुरुंगातली पातळ लापशी, असं सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. कोणाचा तरी सल्ला घ्यायला हवा होता. पण माझी गोष्ट मला सांगता येत नव्हती. म्हणून मी एक मैत्रीण तयार केली.

आमचे शेजारी न्ताते त्सेलिसो (बाईला म्मे तसं बाप्याला न्ताते) हे कोर्टातले निवृत्त दुभाषी. आयुष्यभर चोरांचं बोलणं साहेबांना आणि साहेबांचं बोलणं चोरांना समजावून सांगितल्यामुळे त्यांना एक वाक्य दोनदा बोलायची सवय लागली आहे. मी कुंपणावरून म्हणाले, "न्ताते, माझी एक मैत्रीण आहे. तिच्या पगारातून पोटगी कापायची होती, ती कापलीच गेली नाही."

"तुमच्या मैत्रिणीने गप्प बसावं," न्ताते म्हणाले. "म्हणजे, बोलू नये."

"पण ती तुरुंगात गेली तर?"

"मग बोलावं. म्हणजे, गप्प बसू नये."

इतक्यात त्यांच्या बायकोने माकोएन्या, म्हणजे पिठाचे गोळे, तळता तळता झारा वर केला. "मैत्रिणीला म्हणावं, नोकरी सोड! पगारच नाही तर कापणार काय? केस?" ते घ्यायला उभ्या असलेल्या खाटकाने हे ऐकलं. तो म्हणाला, मैत्रिणीने भलंमोठं कर्ज काढावं, मग कोर्टाला दया येते. त्याच्या मेव्हण्याच्या बाबतीत कोर्टाला दया आली होती, फक्त बँकेला आली नाही. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली माझ्या मैत्रिणीच्या काळजीत पडली होती. आणि एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. "पण बाई पोटगी देते म्हणजे काय? नवरा आहे की नातू?" असं म्हणून ते इतके हसले की मलाही त्यांच्याबरोबर हसावं लागलं. हसताना गाल दुखतात हे मला त्या दिवशी कळलं.

आणि त्याच संध्याकाळी माझी जाऊ आली.

इथं नावाची भानगड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात सून घरात आली की सासरचे तिला नवं नाव देतात, आणि ते नाव तिला पुढे होणाऱ्या पोराचं असतं: अमक्याची आई. पहिली मुलगी झाली की तिला आजीचं नाव ठेवायचं हा रिवाज. सासूबाई लिपुओ. म्हणून मी लग्नाच्या दिवशीच मालिपुओ झाले, लिपुओची आई, तेव्हा लिपुओचा पत्ताही नव्हता. पाच वर्षांनी धाकटा दीर लेबोना याचं लग्न झालं. त्याच्याही पहिल्या मुलीला आजीचंच नाव लागणार. म्हणून तीही मालिपुओ. एका घरात दोन मालिपुओ लेटेला, दोघी मास्तरणी, दोघींच्या शाळा एकाच मिशनच्या. लिपुओ म्हणजे बोलणी, लोकांची कुजबुज. तेव्हा आम्ही दोघी कुजबुजीच्या आया. घरात मला थोरली म्हणतात, तिला धाकटी.

धाकटी आत आली ती अंगावर पांघरलेल्या ब्लँकेटची पिन न काढताच खुर्चीत बसली. "ऑसी," ती म्हणाली. मोठ्या बहिणीला म्हणावं तसं ती मला म्हणते, घटस्फोटानंतरही तिने ते सोडलं नव्हतं. "ऑसी, लेबोनाचं बाहेर आहे."

"काय आहे?"

"बाई आहे. पोर आहे. कोर्टकचेरी झालीय. आणि मला आज कळतंय!" तिने पगाराची चिठ्ठी माझ्यापुढे टाकली. तिचा तिसरा हिस्सा गेला होता. पुढे दोनच शब्द होते: कोर्टहुकूम, पोटगी.

माझी पोटगी कुठे गेली ते मला समोर दिसत होतं.

"पण हे तुझ्या पगारातून कसं?" मी चाचरत विचारलं. "त्यांची काही चूक झाली असेल..."

"चूक कसली? मी सगळा विचार केलाय," धाकटी म्हणाली. ती तिसरीला शिकवते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट बोटांवर मोजून सांगते. "लेबोनाचं गॅरेज. त्याला पगार नाही. पगार नाही तर कोर्ट कापणार काय? आमचं लग्न सामाईक मालमत्तेचं. म्हणून त्याच्या पापाची टाच माझ्या पगारावर! दुसरं काय असणार? बाईने स्वतः पोटगी दिलेली ऐकलीयस कधी?"

"नाही गं," मी म्हणाले. "ऐकली नाही."

हे मी म्हणाले. तोंड माझंच होतं.

"त्याला गॅरेजात झोपायला पाठवलंय. विचारलं तर म्हणतो, शपथ, कोणी नाही. असं म्हणतानाही मान खाली! आता शनिवारी माझा भाऊ गाडी घेऊन येतोय लेरिबेहून. सामान भरणार आणि जाणार. मला फक्त तुझ्या वकिलाचं नाव दे." मग ती एकदम रडायला लागली. "तेवीस वर्षं गं ऑसी. त्याच्या तेलाचे डाग पडलेल्या चादरी धुवतेय मी. एकही डाग पूर्ण निघाला नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सेकाकेला दिलेला शब्द आठवला, गल्लीतलं हसू आठवलं, आणि माझी मान ताठच राहिली. मी तिला चहा दिला आणि वकिलाचं नाव आठवत नाही असं सांगितलं. शनिवारच्या आत ही चूक राजधानीत, मासेरूच्या पगार-ऑफिसात जाऊन गुपचूप दुरुस्त करायची असं मी ठरवलं. तिचा पगार परत येईल, लेबोना गॅरेजातून घरात येईल आणि कोणाला काही कळणार नाही. गुपचूप म्हणून ठरवलेलं काम किती गाजतं याचा मला तोवर अनुभव नव्हता.

मासेरूच्या ऑफिसात पगाराच्या खिडकीमागे केनेइलवे नावाच्या बाई मांडीवर ब्लँकेट, पायाशी हीटर आणि हातात संत्रं अशा थाटात बसल्या होत्या.

"नाव?"

"मालिपुओ लेटेला."

"कोणती? कॉम्प्युटर म्हणतो दोन आहेत."

"तेच सांगायला आलेय. एकीची पोटगी कापायची ती तुम्ही दुसरीची कापलीत."

"हुकुमावर नुसतं नाव होतं," केनेइलवे बाई फोड सोलत म्हणाल्या. "पहिली दिसली ती घेतली."

"ती पहिली कशी?" माझा आवाज नको तिथे चढला. "थोरली मी आहे!"

"कॉम्प्युटरला थोरली-धाकटी कळत नाही, म्मे. त्याचं लग्न झालेलं नाही." मग त्यांनी संत्रं बाजूला ठेवलं आणि मला नीट पाहिलं. "थांबा. तुम्ही ती दुसरी. म्हणजे जिची कापायला हवी ती?"

"हळू बोला, बाई."

"आणि तुम्ही स्वतः आलात, माझा पगार कापा म्हणून?" त्या उठल्या आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडल्या, "अरे, या सगळे इकडे! बघायला या! इतक्या वर्षांत असं माणूस आलं नव्हतं!"

ऑफिस गोळा झालं. कोणी मला खुर्ची दिली, कोणी पाणी दिलं, एकाने मला कोणत्या चर्चची म्हणून विचारलं. सगळ्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि मग सांगितलं की असं काही करता येणार नाही.

"गावच्या चीफचं पत्र लागेल," केनेइलवे बाई म्हणाल्या. "या दोन वेगवेगळ्या बायका आहेत असं. शिक्क्यानिशी. कापलेले पैसे अजून इथेच पडून आहेत, तोवर ते कोणालाच जाणार नाहीत."

"मी इथे उभी आहे, ती माफेतेंगला वर्गात उभी आहे. एक बाई दोन ठिकाणी कशी उभी राहील?"

"मागे एक बाई दोन शाळांत उभी राहून दोन पगार घेत होती. तेव्हापासून पत्र लागतं." मग त्यांना सोपा उपाय सुचला. "पण तुमचा घटस्फोट झालाय ना? मग मालिपुओ कशाला अजून? नाव सासरचं, देऊन टाका परत. बाप्तिस्म्याचं नाव लावा, प्रश्न मिटला."

हे मला लागलं. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांनी, त्यांच्या आयांनी, पोस्टमनने, सगळ्यांनी मला मालिपुओच म्हटलंय. नवऱ्याची पोटगी मी देणार, घर सोडणार, आणि वर नावही खिडकीत जमा करणार? "बाप्तिस्म्याचं नाव अनाक्लेटा आहे," मी सांगितलं.

केनेइलवे बाईंनी क्षणभर विचार केला. "चीफचंच पत्र आणा," त्या म्हणाल्या.

आमच्या चीफबाई, म्हणजे गावच्या प्रमुख, पोक्त, शांत आणि कोणत्याही कामाला नाही न म्हणणाऱ्या आहेत. त्या फक्त होही म्हणत नाहीत. "शिक्का माझ्याकडे आहे, म्मे," त्या म्हणाल्या, "पण दोघींना एकच नाव मी दिलं नाही. ज्यांनी दिलं ते लेटेलांचे वडीलधारे येऊन सांगू देत कोण कोणती. मी न्ताते रामोहापींना निरोप धाडते."

न्ताते रामोहापी म्हणजे माझे चुलतसासरे. त्यांना एक गोष्ट सांगितली की पेट्रोल पंपावर वेगळी सांगावी लागत नाही.

"नको नको," मी म्हणाले. "हे गुपचूप नाही का होणार?"

"शिक्का गुपचूप बसत नाही," चीफबाई म्हणाल्या. "आवाज होतो."

दुसऱ्या दिवशी निरोप आला. शनिवारी सकाळी गावाकडे सासूबाईंच्या अंगणात लेटेला घराण्याची बैठक. विषय: मालिपुओ. कोणती मालिपुओ ते सांगितलेलं नव्हतं. धाकटीला वाटलं, बैठक तिच्यासाठीच बोलावली आहे. तिने भावाला कळवलं की गाडी घराऐवजी अंगणातच आण, सगळ्यांच्या देखत जाईन. आणि मग शुक्रवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. "ऑसी, कबूल झाला!"

लेबोनासारख्या गरीब माणसाने न केलेलं पाप कबूल केलं होतं? "काय कबूल झाला?"

"घोडी!"

"कोण घोडी?"

"घोडीच गं! शर्यतीची! सेमोनकोंगला एका माणसाकडे ठेवलीय. चार वर्षं तिला ओट खायला घालतोय, मला न सांगता! नाव काय ठेवलंय माहीत आहे? सुंदरा! माझ्या तोंडाकडे बघून कधी म्हणाला नाही." मग ती थबकली. "पण कोर्ट काही घोडीला पोटगी देत नाही, ऑसी. म्हणजे घोडी आहे, आणि बाईसुद्धा आहे. एक कबूल केलं ते दुसरं झाकायला."

मी फोन ठेवला. काही न करताच माझ्या गप्प बसण्याने एका सज्जन माणसाची घोडी बाहेर काढली होती. उद्या त्याची बायको बाहेर पडणार होती.

शाळा सुटली तेव्हा फाटकापाशी सेकाके उभा होता. पाठीचं दुखणं असल्याने तो नेहमी जरा वाकून, काहीतरी पडलेलं शोधतोय असा उभा राहतो. "तू पैसे अडवलेस ना?" तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. त्याने चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी सगळं सांगितलं. पगार, धाकटी, घोडी, शिक्का.

"मग उद्या काही सांगू नकोस," तो म्हणाला. "मला नको ते पैसे. कोर्टाला लिहून देतो. आईकडे राहतोय, मक्याचा घट्ट पापा आणि मोरोहोची पालेभाजी मिळतेय. भुकेला राहीन, पण रामोहापीकाका माझ्यावर हसलेले मला सोसायचे नाहीत."

"आणि धाकटी?"

"दुसरं काहीतरी सांग. तू हुशार आहेस." एवढं म्हणून तो गेला. मी हुशार आहे हे त्याचं जुनं मत. एका बाजूला त्याची अब्रू, दुसऱ्या बाजूला धाकटीचं घर, आणि मध्ये हुशार म्हणून मी. त्या रात्री मला झोप लागली नाही एवढंच सांगते.

शनिवारी सकाळी अंगणात कोवळं ऊन होतं, पण हवा इतकी गार की म्हातारे ब्लँकेटातून फक्त डोळे दाखवत होते. पुरुष बाकांवर, बायका चटयांवर. सासूबाई भिंतीला टेकून खुर्चीत. सेकाके चहाची किटली घेऊन फिरत होता. पाठीमुळे त्याला बसवत नाही असं सगळ्यांना वाटायचं, आणि त्यानेही कोणाला दुसरं काही सांगितलेलं नव्हतं. कुंपणापलीकडे धाकटीच्या भावाची गाडी होती. मागे तिची पेटी, तिचं शिवणाचं मशीन, एक गादी. भावाने इंजिन बंद केलं नव्हतं. ते घरघरत होतं.

"खोत्सो! पुला! नाला!" न्ताते रामोहापींनी शांती, पाऊस आणि भरभराट तिन्ही मागून बैठक सुरू केली आणि लगेच अशांतीकडे वळले. "बोल, सूनबाई."

धाकटी उभी राहिली. तिने बोटांवर मोजून सगळं सांगितलं. पगार, पोटगी, घोडी. शेवटी म्हणाली, "मी आज चाललेय. माझं या घराचं काही देणं लागत असेल तर आत्ताच सांगा."

लेबोना उठला. त्याचे हात तेलाने काळे होते. बैठकीलाही ते निघाले नव्हते. "घोडी माझी आहे," तो म्हणाला. "बाकी काही नाही. देवाशपथ."

"घोडी असलेल्याची शपथ कोण मानतो?" रामोहापी म्हणाले आणि बाकांवर हशा पिकला. लेबोना उभाच राहिला. त्याला खाली बसायचंही सुचेना. धाकटीने ब्लँकेटची पिन घट्ट केली, सासूबाईंच्या पायांना हात लावला आणि गाडीकडे चालू लागली.

ती कुंपणाच्या दारापर्यंत पोचली. तिच्या भावाने गाडीचं दार आतून उघडलं.

"थांब!" मी ओरडले. शाळेच्या मैदानावर पोरांना थांबवायचा माझा आवाज आहे; धाकटीबरोबर दोन कोंबड्याही थांबल्या. "ती पोटगी लेबोनाची नाही. माझी आहे. पगार-ऑफिसने माझ्याऐवजी तुझी कापली. नावाचा घोळ झाला."

"तुझी?" धाकटी दारातूनच म्हणाली. "तुला पोटगी मिळते, मग माझी कापतील कशाला?"

"मला मिळत नाही. मी देते." आता थांबता येत नव्हतं. "सेकाकेला."

किटलीची धार कपात पडायची थांबली. आणि मग ज्याची मला भीती होती ते सुरू झालं. आधी एक खोकला, मग एक फुसका आवाज, मग न्ताते रामोहापी ब्लँकेट सावरत गदागदा हसायला लागले.

"अरे सेकाके! लग्नात तिच्यासाठी तिच्या बापाला आम्ही गाई मोजून दिल्या तेव्हा तुझा बाप रडला होता, महाग पडली म्हणून! आज त्या गाई दूध द्यायला लागल्या होय!" बाक हलायला लागला. "बाईच्या पगारावर! चहा कसला वाटतोस, बायकांसारखं फडकं बांध डोक्याला!"

सगळे हसत होते. सेकाके किटली धरून उभा होता, वाकलेला, आणि ती खाली कुठे ठेवावी ते शोधत होता. मी या माणसाशी वर्षभर कोर्टात भांडले होते. त्याच्यावर हसायचा हक्क कोणाला असेल तर तो मला होता. पण माझं डोकं असं फिरलं की मी कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही.

"हसा," मी म्हणाले. "न्ताते रामोहापी, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यात थेंब कोण घालायचं? तुमच्या सुना? हा घालायचा. रोज चालत यायचा, मोडलेल्या पाठीने. सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा त्यांना उचलून उन्हात कोण बसवायचं? मी तेव्हा उपमुख्याध्यापिका व्हायच्या परीक्षेला बसले होते. मला तर त्यांचा कोणता पाय मोडला तेही माहीत नव्हतं! माझ्या पोरीच्या वेण्या यानेच घातल्या. शाळेत तिला विचारायचे, कोणत्या केशकर्तनालयात जातेस? मी संध्याकाळी घरी आले आणि चूल थंड होती असं एकदाही झालं नाही. एकदाही! मी ज्या पगाराचा तोरा मिरवते त्यातला अर्धा याने शिजवलाय. पोटगी नाही ती, त्याची मजुरी आहे. आणि ती थकलेली मजुरी आहे. आता हसा."

कोणी हसलं नाही. न्ताते रामोहापी डोळे पुसत होते, पण ते हसण्याचंच पाणी असावं. मग त्यांनी विचारलं, "हे सगळं न्यायाधीशबाईंना सांगितलं होतंस?"

"नाही."

"मग काय सांगितलंस?"

मी जमिनीकडे पाहिलं. "हा दिवसभर कोंबड्यांकडे बघत बसतो, असं."

"बरं केलंस," सासूबाई भिंतीपाशी पुटपुटल्या. "हे सांगितलं असतंस, तर अर्धा पगार गेला असता."

त्यावर मात्र अंगण हसलं, बायकांच्या चटयासुद्धा. धाकटीने भावाला इंजिन बंद करायला सांगितलं. ती लेबोनासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "घोडी विकायची." तो म्हणाला, "पुढच्या शर्यतीनंतर." त्यावर तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि मशीन उतरवायला त्यालाच पाठवलं. रामोहापींनी चीफबाईंसाठी दोन मालिपुओ वेगवेगळ्या आहेत असं सांगितलं आणि वर स्वतःहून जोडलं की एक जास्त बोलते. माझं नाव परत घेण्याचा विषय कोणी काढला नाही, आणि मीही काढला नाही.

मी निघाले तेव्हा सेकाके मला टॅक्सीच्या रस्त्यापर्यंत सोडायला आला. किटली अजून त्याच्या हातात होती. ठेवायचं विसरला असावा. मी म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून बरोबर कापतील. तू कोर्टाला काही लिहू नकोस."

"नाही लिहीत," तो म्हणाला. मग टॅक्सी वळणावर दिसली तेव्हा, माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "म्मे, हे तू घरात एकदा म्हणाली असतीस, तर कोर्टाची पायरी चढावीच लागली नसती."

मी तोंड उघडलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. बरं झालं. मी आत चढले, खिडकीशी बसले, आणि माफेतेंग येईपर्यंत शेजारच्या बाईला सांगत राहिले की डोळ्यात धूळ गेलीय.